पायलीवरची शीग

तमाम संबंधितांस या प्रकटनाद्वारे गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, या देशातल्या मजुराची मजुरी वाढते आहे, घटते आहे की जागच्या जागी बसून आहे, या प्रश्नाचा निकाल काही वर्षं आमच्या घरात लागत असे. दिल्लीत नव्हे, मुंबईत नव्हे. गडचिरोलीच्या झाडीतल्या एका टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, मायच्या चुलीपासून चार हातांवर, महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आंघोळीनंतर. निकाल देणारे न्यायाधीश बंडी-पायजम्यात मांडी घालून बसत, पुढ्यात शाळेची पत्र्याची पेटी पालथी घातलेली असे, आणि ओली लाकडं धुपायला लागली की त्यांच्या डोळ्यांना धारा लागत. देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी माझ्या बाबांइतकं नियमितपणे कोणी रडलं असेल, असं मला वाटत नाही.

बाबा टोल्यावरच्या चौथीपर्यंतच्या शाळेचे एकुलते एक गुरुजी. पण त्यांचा खरा अभिमान शाळा नव्हती, तो छापील तक्ता होता. जिल्हा नुकताच फुटून त्याचे दोन झाले होते. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या आल्या होत्या आणि नव्या कचेऱ्यांना आकड्यांची भूक फार. कोणीतरी बाबांचं नाव सुचवलं आणि ते आमच्या भागाचे मजुरी कळवणारे झाले. त्याचं मानधन आणायला आरमोरीला जावं लागे. एस.टी.चं तिकीट काढून जे उरे त्यात एक लाल-निळी पेन्सिल आणि माझ्यासाठी गोड शेवेची पुडी येई. तक्त्यात रकाने होते : नांगरणारा, रोवणारी, निंदणारी, कापणारा, सुतार, लोहार. प्रत्येकाच्या पोटात पुन्हा पुरुष, स्त्री आणि मूल. मुलाच्या रकान्यात बाबा न चुकता आडवी रेघ ओढत, कारण शाळेच्या हजेरीपटावर त्यांनी टोल्यावरची सगळी पोरं हजर दाखवलेली असत. तीच पोरं त्या वेळी बांधावर पेंढ्या वाहत असत, हा भाग वेगळा. एकच पोरगं एका वेळी दोन सरकारी कागदांवर कसं मावणार? सगळ्यात शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता, माझ्या करंगळीएवढा अरुंद. तो कायम कोरा राही.

कागद भरण्याआधी बाबा हात धुवत, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडत आणि मला सांगत, “हा कागद दिल्लीले जाते, सुजे. पाण्याचा थेंब पडला नाई पाहिजे.” मी तेव्हा हसत असे. आता हसत नाही. त्यांच्या आजाला गावकीत कागदाच्या जवळपास उभं राहू देत नसत. त्या आजाच्या नातवाने दिल्लीला जाणाऱ्या कागदावर सही करायची, म्हणजे रेघ सरळच ओढली पाहिजे, असं त्यांना वाटे. रेघ सरळ ओढायला ते माझी कंपासपेटीतली पट्टी मागून घेत आणि परत द्यायला विसरत.

आता यातली खरी गंमत सांगते. कचेरीला मजुरी रुपयांत हवी होती आणि आमच्या टोल्यावर ती रुपयांत मिळतच नव्हती. मिळत होतं धान. दिवसभर रोवणी केली, कापणी केली, की बाईला दोन पायल्या आणि गड्याला तीन. माझ्या जन्माआधीपासून हेच माप होतं. बाबांनी पहिल्या वर्षी कधीतरी पायलीचा भाव लावून गुणाकार केला, उत्तर तक्त्यात टाकलं आणि त्यानंतर दर महिन्याला मागच्या महिन्याच्या तक्त्यावरून तेच उतरवून काढलं. पाऊस आला, गेला, सरकारं आली, गेली, आमच्या टोल्याची मजुरी मात्र तळ्यातल्या बगळ्यासारखी एका पायावर उभी.

त्या दोन पायल्या घरात कशा येत, ते मला अजून दिसतं. त्या आणायची कौतिकाआत्या. बाबांची मोठी बहीण, लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला म्हणून माहेरी आलेली, उंच, काळी, आवाजाला पितळी भांड्यासारखी. रोवणीच्या वीस बायांच्या टोळीची ती म्होरकी. चिखलात तिचा हात चाले तो बघायला शेतमालक देवाजी पाटील स्वतः बांधावर येऊन उभा राही. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात जायची आणि बाहेर यायची, आणि तोंडाने कोणाची तरी टिंगल चालूच. संध्याकाळी ओचा धानाने फुगवून ती अंगणात शिरली की ओरडे, “ओ गुरुजी, पगार झाला आमचा! तुमचा झाला का?” बाबांचा पगार बहुधा झालेला नसे. मग मायला हसू फुटे. आत्या आमच्याच चुलीवरचं जेवत होती, पण तिचं धान वेगळ्या ढोलीत पडे. शेणाने लिंपलेली बांबूची ती ढोली आमच्या माजघराच्या कोपऱ्यात होती आणि आठवड्याचे चार दिवस भात तिच्यातला शिजलाच पाहिजे, असा आत्याचा हुकूम होता. “भावाच्या ताटात जेवते, पण भावाचं नाई जेवत,” असं ती म्हणे. सकाळी उखळात मुसळ पडायचं, त्या आवाजाने मला जाग येई. लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, झिंग्यांची चटणी आणि आत्याच्या ढोलीतला लालसर भात. मी पुढे पुष्कळ ठिकाणी पुष्कळ चांगलं जेवले आहे. तरी तो वास कुठे आला की मी अजून दारात थबकते.

आणि त्या पायलीवर शीग असे. शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर वर जो ढिगारा चढतो तो. दोन पायल्या मजुरी, हे झालं बोलणं. प्रत्यक्ष देताना पाटलाचा दिवाणजी पायली धानात खुपसून वर काढे तेव्हा तिच्यावर देवळाच्या कळसासारखी शीग उभी असे आणि ती तशीच ओच्यात ओतली जाई. शीग ही मजुरीत धरलेली नव्हती. ती कोणी मागायची नसते आणि कोणी नाकारायची नसते. चांगल्या सालात शीग उंच, बेताच्या सालात बुटकी. आणि साल फारच वाईट असेल तर दिवाणजी पायली भरून वरून तळहात फिरवे, एकदाच, सपकन. शीग खाली राशीत पडे. माप पूर्ण, बोलणं पाळलेलं, कोणाला एक शब्द बोलायला जागा नाही. माय ढोलीत हात घालून सांगायची, “यंदा शीग बसली.” कचेरीच्या तक्त्याला जे कधी कळलं नाही ते मायला कोपरापर्यंत हात घातला की कळत होतं.

मी सातवीत होते, रोज सायकलने दोन कोस दूर शाळेत जात होते, गणितात पहिली येत होते आणि त्यामुळे जगाला सुधारण्याच्या मनःस्थितीत होते. त्या वर्षी धान पोटऱ्यात आलं आणि पाऊस गेला. आमच्या टोल्याचा जीव तळ्यावर. जुन्या मालगुजाराने बांधलेलं ते तळं, पण श्रावणातल्या एका पुरात त्याची पाळ फुटली होती आणि कोणी बुजवली नव्हती. ऐन गरजेला तळ्यात चिखल. अर्धं धान उभ्या उभ्या पांढरं पडलं. कापणी झाली ती आठ दिवसांत आटोपली, एरवी महिना चाले. दिवाणजीचा तळहात पहिल्या दिवसापासून फिरायला लागला. आत्या ओचा सावरत आली, ओरडली नाही, ढोलीत धान ओतलं आणि म्हणाली, “सपाट.” एवढंच.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. आपल्या केंद्राकडील आकड्यांत दीर्घकाळ कोणताही बदल दिसून येत नाही, तरी खुलासा करावा. बाबा ते पत्र घेऊन शाळेच्या पेटीपुढे असे बसले की जणू फाशीची तारीख आली आहे. “आता काय लिहू? दोन पायल्या होत्या, दोन पायल्या आहेत.”

मी जुने कागद चाळले. सूचनांचा एक कागद पेटीच्या तळाशी घडी घालून पडला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मजुरी धान्यात देत असल्यास तिची किंमत चालू बाजारभावाने काढावी.

“बाबा, तुमी अजून जुनाच भाव लावून राह्यले! आरमोरीच्या बाजारात धान कुठच्या कुठी गेलं. आताचा भाव लावा ना.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हाव बापा. हे तर लिहूनच आहे.”

मी गुणाकार केला. दोनदा पडताळला. पीक बुडालं म्हणून धान महाग झालं होतं, धान महाग झालं म्हणून दोन पायल्यांची किंमत वाढली होती, म्हणून आमच्या टोल्याची मजुरी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसरा पाय खाली टेकून उंच उडाली. पुढच्या महिन्यात भाव आणखी चढला, मजुरी आणखी उडाली. काम उरलंच नव्हतं, पण रकान्यात दर विचारला होता, दिवस विचारले नव्हते. बाबा मायला म्हणाले, “पोट्टीनं तक्ता जिवंत केला.” माय पेजेत पाणी वाढवत होती. ती म्हणाली, “बरं झालं. कोणीतरी जिवंत झालं.”

त्याच बैठकीत, त्याच लाल-निळ्या पेन्सिलने बाबांनी दुसरा एक कागद लिहिला होता. रोजगार हमीच्या कामाचा अर्ज : टोल्यावर काम नाही, तळ्याची पाळ बांधायला आणि गाळ काढायला घ्यावा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत हाताला काम राहील आणि पुढच्या सालाला पाणी राहील. खाली सत्तर-ऐंशी अंगठे. पहिला अंगठा आत्याचा, शाई जास्त लागलेला. सगळ्यांना ठाऊक होतं की पाळीचं काम निघालं नाही तर एकच रस्ता उरतो. संक्रांतीच्या सुमाराला नदीपलीकडून ट्रक येतो, तेलुगू मुलखात मिरची तोडायला माणसं भरून नेतो. गेल्या खेपेला शेजारच्या गावातून गेलेल्या बायांपैकी दोघी परत आल्या नव्हत्या. कुठे राहिल्या, का राहिल्या, कोणी धड सांगत नव्हतं. आत्याच्या टोळीतल्या निम्म्या पोरी लग्नाच्या वयाच्या. “पाळ निघाली तर ट्रक रिकामा जाईन,” असं आत्या दिवसातून दहादा म्हणायची. पाळ की ट्रक, टोल्यावर दुसरा विषय नव्हता.

तर एके दिवशी जीप आली. टोल्यावर जीप येणं म्हणजे काय ते आज सांगून कळणार नाही. कुत्र्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे शाळेपुढे जमले. पाळीचे साहेब आले, पाळीचे साहेब आले! आत्याने तर फावडं धुऊन आणलं. जीपमधून उतरले ते आमचे आकड्यांचे साहेब. चांगला माणूस, गोल चेहऱ्याचा, घामाने डबडबलेला, बाबांना बघून खरोखर आनंदलेला. त्यांनी शाळेच्या फळ्यावर चौकटी-चौकटींचा एक हिरवा कागद टाचणीने लावला. त्यावर तांबड्या शाईची रेघ. बरीच लांब आडवी, आणि शेवटी एकदम उभी चढलेली.

“गुरुजी, कमाल केली तुमच्या केंद्रानं! अख्ख्या जिल्ह्यात अशी चढती मजुरी कुठे नाही. मी म्हटलं, हे गाव डोळ्यांनी बघितलंच पाहिजे.” मग माझ्याकडे वळून, “हे सुबक अक्षर तुझं का गं? शाबास!” आणि त्यांनी तसाच एक कोरा चौकटींचा कागद मला बक्षीस दिला. मी तो दोन्ही हातांनी घेतला. आनंदाने माझे कान तापले होते, हे मला कबूल केलं पाहिजे.

आत्या फावडं टेकून पुढे आली. “साहेब, हे लाल काय होय?”

“ही तुमची मजुरी, बाई. ही इथे होती. आता बघा, कुठे गेली!”

“मायी?”

“तुमची सगळ्यांची.”

आत्याने मान वर करून रेघेचा शेंडा न्याहाळला. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “मंग साहेब, एक काम करा. तुमी त्या शेंड्यावर चढा अन् पाहा, तिथून आमच्या तळ्याची पाळ दिसते काय?”

टोला खदखदून हसला. साहेबही हसले, म्हणाले पाळीचं खातं वेगळं, बाई. दिवाणजी सगळ्यात मोठ्यांदा हसला. फक्त बाबा हसले नाहीत. ते त्या रेघेकडे बघत होते, जसा मास्तर पोराच्या वहीत बरोबर उत्तर आणि चुकीची रीत एकदम दिसल्यावर बघतो तसे.

पंधरा दिवसांनी अर्जाचं उत्तर आलं. भाषा अगदी सभ्य. उपलब्ध आकडेवारीवरून सदर गावी मजुरीचे दर सातत्याने चढते असल्याचे दिसते, यावरून तेथे कामाची टंचाई नसून मजुरांचीच टंचाई असावी, सबब तूर्त कामाची आवश्यकता नाही. ते पत्र बाबांनी शाळेच्या ओट्यावर सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायला घेतलं. ‘उपलब्ध आकडेवारी’पर्यंत आले आणि थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, “पुढं वाचा ना गुरुजी, काऊन थांबले?” बाबांनी पुढचं वाचलं. अंगठे दिलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. उपलब्ध आकडेवारी म्हणजे काय, हे तिथे दोनच माणसांना कळलं होतं. एक ओट्यावर उभा होता आणि दुसरी खांबाच्या आड तोंड लपवून.

आता माझा मुलगा टी.व्ही.वर बातम्या लावतो. ग्रामीण मजुरीत वाढ, असं सांगताना पडद्यावर एक हिरवा बाण टुणकन वर उडी मारतो. मी लगेच म्हणते, “धानाचा भाव काय ते विचार त्याला.” मुलगा म्हणतो, आई, तुझं सुरू झालं. सुरू कुठे झालं बाबा, ते तेव्हापासून बंदच झालेलं नाही.

ट्रक संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी आला. बाबा आत्यापुढे हात जोडून उभे राहिले होते. “बाई, तू नको जाऊ. माया पगार आहे. घरात भात आहे.”

“तुया पगारात मी जेवीन. माया वीस पोरी जेवतील काय?” आत्या बोचक्याला गाठ मारत होती. “त्या जाऊन राह्यल्या. तिकडच्या मुकादमाची भाषा कोणाले येत नाई, माणूस कोणी ओळखीचं नाई. त्याइच्या संग एखादी तोंडाळ बाई नको? तशी मीच आहो टोल्यावर.” मग मायला म्हणाली, “ढोली झाकून ठेव. उंदरं लागतीन.” ढोलीत उंदराला पुरेल एवढंही धान नव्हतं. माय म्हणाली, “ठेवते.” ट्रकच्या फाळक्यावरून एकेक पोरगी वर ओढून घेताना आत्या नेहमीसारखी ओरडत होती, कोणाच्या वजनावर, कोणाच्या लुगड्यावर. ट्रक वळणावर गेला तरी तिचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला आणि दूरवर कुठेतरी सुतारपक्षी टकटक करत होता ते ऐकू आलं.

त्या महिन्याचा तक्ता बाबांनी एकट्याने भरला. आकडे नियमाप्रमाणे बाजारभावाने काढले, कारण नियम मोडणं त्यांना जमणारं नव्हतं. पण करंगळीएवढ्या त्या शेऱ्याच्या रकान्यात, जो इतकी वर्षं कोरा होता, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : शीग गेली. कचेरीचं उलट टपाली पत्र आलं. ‘शीग’ या बाबीचा तक्त्यात समावेश नाही, तथापि समावेश करणे आवश्यक वाटत असल्यास तिचे परिमाण कळवावे. बाबांनी ते पत्र मायला वाचून दाखवलं. परिमाण म्हणजे काय, मायने विचारलं. बाबा म्हणाले, “कशानं मोजायची ते विचारून राह्यले.” माय चूल फुंकायला बसली आणि बाबा तिच्या शेजारी बसले. ओली लाकडं धुपत होती, त्यामुळे कोण कशाने रडत होतं ते मला सांगता येणार नाही.

वैशाखात आत्या आली. वीसच्या वीस पोरी तिने मोजून परत आणल्या. एकीच्या बाबतीत तिकडच्या मुकादमाशी तिचं काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. त्या पोरीने मात्र पुढे आपल्या लेकीचं नाव कौतिका ठेवलं. मजुरी म्हणून आत्याला मिरचीच मिळाली होती, अर्धं पोतं. ते अंगणात ओतलं आणि सगळं घर शिंकायला लागलं. माय शिंकली, बाबा शिंकले, मी शिंकता शिंकता हसले, कितीतरी दिवसांनी. आत्या शिंकत नव्हती, खोकत होती. खोकला थांबत नव्हता. आणि तिची ती तीन बोटं, चिखलात सुईसारखी जाणारी, टोकांना सोलून पांढरी पडली होती. पाण्यात बुडवली की ती कळवळे. मिरचीची आग हातात शिरली होती आणि पुन्हा बाहेर आली नाही.

चार दिवसांनी ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. उन्हात सगळं अंगण लाल. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. भाव मी बदलायला लावला, गुणाकार मी केला, साहेबांची ती रेघ माझ्यामुळे चढली, त्या रेघेमुळे पाळ नाकारली, बाबांचा काही दोष नाही. आत्या मिरच्या उलटत राहिली. तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मी उभी होते. आयुष्यात इतका वेळ मी कशासाठीच उभी राहिले नाही.

“गुणाकार बराबर होता?” तिने विचारलं.

“हाव.”

“मंग गुणाकाराले काऊन रडतेस? जे मोजलंच नाई त्याले रड.” ती पुन्हा मिरच्यांकडे वळली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “तुया बापाले ते कचेरीवाले काय विचारून राह्यले म्हणे? शीग कायनं मोजू? सांग त्याइले, मुठीनं. उंच शीग सात मुठी. बुटकी तीन. सपाट असली तर एकबी नाई. हे एवढं त्याइले येत नाई? शिकलेली माणसं ना ते?”

आषाढात रोवणी लागली. पाळ फुटलेलीच होती, पण पाऊस बरा होता आणि आशा नावाचा मूर्खपणा माणसं दर आषाढात नव्याने करतात. आत्या टोळीबरोबर बांधावर गेली, पाण्यात हात घातला आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन बसली. तिच्या जागी दुसरी म्होरकी झाली. मी साहेबांचा तो चौकटींचा कागद, जो मी लाजेने पेटीच्या तळाशी कोंबून ठेवला होता, बाहेर काढला. बाबांकडून माझी पट्टी परत मागून घेतली. एका बाजूला बायांची नावं लिहिली, वर दिवस आखले आणि कागद पाटीवर ठेवून दुपार कलल्यावर पाटलाच्या पडवीत जाऊन उभी राहिले. आत्या खांबाला टेकून आधीच बसली होती. तिला त्या दिवशी मजुरी नव्हती, यायचं काही कारणही नव्हतं.

पुढचं आताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही. आत्या दिवाळी बघू शकली नाही. आरमोरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली आणि बाबांना बाहेर बोलावलं. तिची ढोली मायने पुढे कित्येक वर्षं लिंपून रिकामीच ठेवली. माझा मुठींचा कागद बाबांनी तक्त्याबरोबर पाठवला आणि कचेरीने तो ‘तक्त्यास विसंगत’ असा शिक्का मारून परत केला. तो माझ्याकडे आहे. त्यावर सत्तावीस दिवसांच्या नोंदी आहेत, आणि अठ्ठाविसाव्या दिवसापासून, जेव्हा आत्याला पडवीपर्यंत चालवेना, सगळे चौकोन शून्य. मी पेन्सिल दाबून काढलेलं शून्य आणि दिवाणजीने तळहात फिरवून निवांत केलेलं शून्य, दोन्ही कागदावर सारखीच दिसतात.

पण तो पहिला दिवस. पडवीत धानाची रास, रांगेत चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेल्या बाया, पुढे पदर पसरून उभी असलेली पहिली पोरगी. दिवाणजीने पायली राशीत खुपसली, वर काढली. शीग चढली होती. कोणी काही बोलत नव्हतं, कारण शिगेबद्दल बोलायचं नसतं, तशी रीतच नव्हती, माझ्या पणजीच्या काळापासून नव्हती. दिवाणजीने उजवा हात वर उचलला, तळहात आडवा केला. मी पेन्सिल कागदाला टेकवली. आणि तेव्हा खांबाकडून, खोकल्याची उबळ मध्येच गिळून, सगळी पडवी दचकेल अशा त्या जुन्या पितळी आवाजात कौतिकाआत्या ओरडली :

“हात नको फिरवू रे दिवाणजी, पोट्टी लिहून राह्यली!”